सांगण्याच्या अटी : पवित्र मौखिक कथा आणि परका श्रोता

मौखिक कथांच्या संकलनाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात कथाबीज, कल्पनाबंध, पाठभेद आणि कथेचा भौगोलिक प्रसार यांची चर्चा विपुल आढळते. कथा कोणी सांगावी, कोणापुढे सांगावी, वर्षाच्या कोणत्या काळात सांगावी आणि कोणती कथा परक्यापुढे सांगूच नये, या प्रश्नांची चर्चा मात्र क्वचितच झालेली दिसते. संकलकाच्या लेखी ही सारी संदर्भाची माहिती असते. ती तळटीपेत जाते आणि संहिता मुख्य मजकुरात येते. ज्या समाजांत कथा ही श्रद्धेची आणि विधीची बाब आहे, तेथे ही मांडणी मुळातच उलटी ठरते. तेथे सांगण्याच्या अटी या कथेच्या बाहेरच्या नसतात. प्रस्तुत लेखात हा मुद्दा प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतील नाव्हाहो या आदिवासी समाजातील एका कथकाच्या आणि त्याच्या अभ्यासकाच्या उदाहरणाने स्पष्ट करावयाचा आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासात हे उदाहरण बहुचर्चित असले, तरी आपल्याकडे त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही.

बार टोलकेन हे अमेरिकन लोकसाहित्याभ्यासक १९५०च्या दशकात, तरुणपणी, युरेनियमच्या शोधार्थ युटा राज्याच्या दक्षिण भागात गेले होते. तेथे ते गंभीर आजारी पडले असता एका नाव्हाहो कुटुंबाने त्यांची शुश्रूषा केली व त्यांना आपल्यातलेच मानले. या संबंधांतूनच पुढे येलोमन या कथकाशी त्यांचा दीर्घ परिचय झाला. १९६६पासून टोलकेन यांनी येलोमन यांच्या कथांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांतील बऱ्याच कथा कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या होत्या. कायोटी हा एकाच वेळी धूर्त, मूर्ख, लोभी आणि तरीही सृष्टीच्या घडणीत वाटा असलेला असा विलक्षण पुरुष आहे. या कथा हिवाळ्यातच सांगावयाच्या असतात. साप, अस्वले इत्यादी प्राणी निद्रिस्त असतात तो हा काळ. एरवी कथा सांगणे अनिष्ट मानले जाते. मुद्रित पुस्तकाला अर्थातच ऋतू नसतो, आणि येथूनच अडचणीला प्रारंभ होतो.

टोलकेन यांचा १९६९चा पहिला महत्त्वाचा लेख हा या कथांच्या भाषिक पोताविषयी होता. त्यात त्यांनी नोंदविलेला एक प्रसंग अतिशय बोलका आहे. माँटेझुमा कॅन्यन या दरीत बर्फ का पडते, असे एका मुलाने विचारले असता येलोमन यांनी एका पूर्वजाची कथा सांगितली. या पूर्वजाला जळत असलेली एक सुंदर वस्तू सापडते आणि तो ती जपून ठेवतो. ती ज्यांची होती ते दिव्य पुरुष पुढे ती मागावयास येतात, त्याची परीक्षा घेतात आणि अखेरीस दरवर्षी आपल्या चुलीतील राख त्या दरीत टाकण्याचे कबूल करतात. हेच ते बर्फ. मुलाने लगेच पुढचा प्रश्न विचारला : मग शेजारच्या ब्लँडिंग गावात बर्फ का पडते? त्यासाठी दुसरी कथा तूच रचावयास हवी, असे काहीसे उत्तर येलोमन यांनी दिले. या मुलाला कथा कळत नाहीत याचा त्यांना खेद झाला. ही कथा बर्फाच्या उत्पत्तीची नव्हतीच. सापडलेल्या वस्तूशी आणि तिच्या मूळ धन्याशी माणसाने कसे वागावे, याविषयी ती होती.

निसर्गातील घटनांचे बालबोध स्पष्टीकरण म्हणजे आदिवासींची दैवतकथा, ही समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही रूढ आहे. त्या समजुतीला याहून नेमके उत्तर शोधूनही सापडणार नाही.

टोलकेन यांना कालांतराने कळून आले की, या कथांना एकाहून अधिक स्तर आहेत. वरचा स्तर रंजनाचा, त्याखाली आचारविचाराचा, त्याखाली रोगनिवारणाचा, कारण कथेतील प्रसंगांचा संबंध उपचारविधींशी असतो, आणि सर्वांत खाली जारणमारणाचा. जे शब्द बरे करू शकतात ते अपायही करू शकतात, असा हा विचार आहे. उपचारात कथेचे तुकडे वापरले जातात; अभ्यासकही विश्लेषणासाठी कथेचे तुकडेच करतो. असे तुकडे करणारा माणूस नाव्हाहो दृष्टीने एक तर वैदू असतो किंवा चेटक्या. टोलकेन यांनी खोलवर चौकशी आरंभिली, तेव्हा एका जाणत्या नाव्हाहो विधिगायकाने त्यांना विचारले की, या अभ्यासापायी कुटुंबातील कोणाला गमावण्याची तुमची तयारी आहे? १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात टोलकेन यांनी ही हकीकत सांगून, या स्तरावरील शोध आपण थांबवीत असल्याचे जाहीर केले.

येलोमन यांच्या मृत्यूनंतर ध्वनिफितींचा प्रश्न उभा राहिला. विद्यापीठाच्या संग्रहात ठेवल्यास त्या कोणीही, केव्हाही, अगदी भर उन्हाळ्यातही ऐकू शकला असता. टोलकेन यांनी मूळ ध्वनिफिती येलोमन यांच्या पत्नीकडे परत पाठविल्या, आणि त्या नष्ट होणार हे जाणून पाठविल्या. या निर्णयाची मीमांसा त्यांनी १९९८मध्ये अमेरिकन लोकसाहित्य परिषदेच्या नियतकालिकात केली. एका थोर कथकाचा आवाज असा कायमचा नाहीसा होऊ देणे हा ज्ञानाचा ऱ्हास नव्हे काय, हा आक्षेप सहज सुचणारा आहे आणि तो हलका नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. कथा ही वस्तू आहे आणि तिचे जतन म्हणजे तिचा साठा, असे ते गृहीत होय. येलोमन यांच्या कुटुंबाच्या दृष्टीने कथा ही कृती होती. कृती योग्य वेळी करावयाची असते. तिचा साठा होत नाही.

ऑस्ट्रेलियातील एका खटल्याने हाच प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला. चार्ल्स माउंटफर्ड या मानववंशशास्त्रज्ञाला १९४०मध्ये पित्यांत्यात्यारा समाजातील पुरुषांनी आपल्या विधींची काही गुप्त माहिती विश्वासाने दिली होती. १९७६मध्ये ती त्याच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. हे पुस्तक आपल्या स्त्रिया, मुले आणि दीक्षा न झालेले पुरुष यांच्या हाती पडल्यास समाजाची घडीच विस्कटेल, अशी भीती त्या समाजाच्या प्रतिनिधींनी नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयात मांडली व न्यायालयाने तेथील विक्रीस मनाई केली. निर्णयाचा आधार स्वामित्वहक्क हा नव्हता. विश्वासाने दिलेली माहिती दिलेल्या मर्यादेतच वापरली पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. मुद्रणाधिकाराच्या कायद्यात अनाम आणि सामूहिक कर्तृत्वाला जागा नाही. विश्वासाला मात्र ती तेथे मिळाली.

परका अभ्यासक हाच नेहमी दोषी असतो, असे मात्र नाही. लेस्ली मार्मन सिल्को या लागुना प्वेब्लो परंपरेतील लेखिकेच्या ‘सेरेमनी’ (१९७७) या गाजलेल्या कादंबरीत त्या परंपरेतील काही कथा आल्या आहेत. त्याच परंपरेशी नाते असणाऱ्या समीक्षक पॉला गन ॲलन यांनी १९९०मध्ये असे म्हटले की, त्यांतील एक कथा कुळाबाहेर सांगावयाची नसल्याने ही कादंबरी वर्गात शिकविताना आपली कोंडी होते. येथे लेखिका आणि समीक्षक दोघीही घरच्याच आहेत. तेव्हा ‘समाजाची संमती’ हा शब्द आपण जितक्या सहजपणे वापरतो तितका तो सोपा नाही.

मराठी वाचकाला या साऱ्याविषयी एक शंका येणे स्वाभाविक आहे, आणि ती शंका आपल्या परंपरेतूनच येते. बंद ज्ञान खुले करणे हीच मराठी वाङ्मयाची पहिली प्रेरणा. संस्कृतात कोंडलेली गीता ज्ञानेश्वरांनी मराठीत आणली, याचा आपणांस अभिमान आहे. मग कोणी कथा झाकून ठेवू म्हणत असेल तर त्याची बाजू कशी घ्यावी? या शंकेचे उत्तर, कोण कोणापासून झाकून ठेवीत आहे, यावर अवलंबून आहे. वेदांचे दार बलिष्ठांनी दुर्बलांच्या तोंडावर लावले होते. नाव्हाहो कुटुंब आपले दार लावते ते ज्यांनी त्यांची भूमी घेतली त्यांच्यासमोर. या दोहोंना ‘गोपनीयता’ हा एकच शब्द लावणे हा विचाराचा आळस होय. माउंटफर्ड प्रकरणात मात्र हा भेद पुरत नाही, हेही मान्य केले पाहिजे. कारण तेथे समाजांतर्गत स्त्रियांपासूनही काही राखून ठेवलेले आहे. तो प्रश्न त्या समाजातील स्त्रियांचा आहे. बाहेरच्या प्रकाशकाने पुस्तक विकून तो सुटत नाही.

शिवाय आपल्या घरातील उदाहरण आपण विसरतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जतन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे प्रभृतींच्या प्रयत्नांनी या लिपीचा उलगडा झाला, पुढे काही महंतांनीही आपल्या पोथ्या अभ्यासकांस दाखविल्या, आणि मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. हा लाभ निर्विवाद आहे. पण वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा पंथीयांनी त्यास तीव्र विरोध केला. आपल्या अभ्यासक्रमात या वादाचा उल्लेख झालाच तर संशोधनस्वातंत्र्याच्या बाजूने होतो. अनुयायांच्या लेखी तो ग्रंथ म्हणजे ईश्वराच्या लीळांचे स्मरण आहे, ‘आद्य गद्य’ नव्हे, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही. संपादकाचे स्वातंत्र्य मान्य करूनही ते सांगता येते.

ऋतूचे बंधनही आपल्याला अपरिचित नाही. चातुर्मासातील कहाण्या श्रावणात, ज्या त्या वारी, हाती अक्षता घेऊन ऐकावयाच्या असतात. डांग आणि नाशिक परिसरातील कोकणा कथक काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतो, तिच्यावरून बोटे ओढून नाद काढतो आणि त्या नादावर कथा गातो. ही थाळीकथा त्या त्या विधीच्या रात्रीची असते. वारली भगत घांगळीवर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो तीही विधीचा भाग म्हणूनच. वारल्यांचा लग्नचौक सुवासिनी काढतात, धवलेरी गाणी म्हणते आणि चौकात पालघट देवी येते. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने त्यांतून स्वतःची अशी थोर चित्रसृष्टी उभी केली. ती सर्वस्वी त्यांची आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. शहरातल्या दुकानात पिशवीवर छापलेला चौक ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तारपानृत्याची आकृती आणि देवीचा चौक यांत फरक असतो, हे छापणाऱ्याला ठाऊक नसते आणि विचारावेसेही वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००७च्या आदिवासी हक्कविषयक जाहीरनाम्यातील एकतिसाव्या कलमाने मौखिक परंपरांवरील समाजाचे नियंत्रण मान्य केले. त्याहून उद्बोधक आहे ते पासामाक्वॉडी समाजाचे उदाहरण. जेसी वॉल्टर फ्यूक्स याने १८९०मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर त्यांची गाणी व कथा मुद्रित केल्या. क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचा हा आरंभ मानला जातो. शतकाहून अधिक काळ गेल्यावर वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने त्या समाजाच्या जाणत्यांबरोबर ही मुद्रणे पुन्हा ऐकली. जाणत्यांनी त्यांची नावे दुरुस्त केली, अर्थ सांगितले, आणि कोणते मुद्रण सर्वांसाठी व कोणते समाजापुरते हे स्वतः ठरविले. नोंदीवर तशा खुणाच लावल्या गेल्या. येलोमन यांच्या ध्वनिफिती नष्ट झाल्या, या फिती बोलू लागल्या. दोन्ही ठिकाणी निर्णय कोणी घेतला, हे सारखेच आहे.

आपल्याकडे विद्यापीठीय प्रबंधांची परिशिष्टे अशा कथांनी भरलेली आहेत. निवेदकाचे नाव, वय, गाव एवढे तेथे बहुधा असते; कथा कोणत्या महिन्यात सांगितली, एरवी ती केव्हा सांगतात, ऐकायला कोण होते आणि कोणाला उठून जावयास सांगितले, हे नसते. प्रबंधाच्या नमुन्यात हे चार रकाने वाढविण्यास कोणाची अनुमती लागू नये. कपाटांत पडून असलेल्या कॅसेटांचे काम अधिक निकडीचे आहे, कारण त्यांची फीत खराब होत चालली आहे आणि ज्यांचे आवाज त्यांत आहेत त्यांची मुलेनातवंडे अद्याप त्याच पाड्यांवर राहतात. त्यांची यादी गावनिहाय करावी आणि डिजिटल प्रती काढण्यापूर्वी ती यादी घेऊन तेथे जावे. पावसाळ्यात गेल्यास काही कथांविषयी आता बोलता येणार नाही असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. तेही रकान्यात लिहावे.