आधी देणे, मग आभार
लेखमाला : व्यवहार आणि माणुसकी – लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण दिलेला शब्द पाळण्याचा विचार केला. आजचा विषय त्याला लागूनच आहे : कृतज्ञता. तिच्याविषयी बोलणे सोपे असते, म्हणून ती बहुधा बोलण्यातच राहते. माझे म्हणणे असे की, कृतज्ञता टिकते ती शिस्त म्हणून, आणि त्या शिस्तीला एक क्रम आहे. ज्याचे जे देणे लागतो ते आधी चुकते करायचे. मग त्याने त्यापलीकडे जाऊन काय केले ते नेमके सांगायचे. आणि सांगताना बदल्यात काही मागायचे नाही. हा क्रम उलटला की आभाराचे शब्द ऐकणाऱ्याला बोचतात.

पनवेल-उरण पट्ट्यातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. भातशेती गेली, मिठागरे गेली. वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातून आली. पनवेल तालुक्यातल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याला दिबांचे नाव द्यावे, असा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्येच केला होता. नावाचा हा आग्रह इथल्या माणसांना जिव्हाळ्याचा वाटतो, कारण कुणाच्या जमिनीवर हे सारे उभे आहे याची ती जाहीर कबुली आहे. पण नाव कितीही मोठे असले तरी ते भूखंडाची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही हवे, आणि भूखंड आधी हवा.

हाच नियम व्यवसायाला लावून पाहू. तळोजा एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग करून देणारा एखादा लहान वर्कशॉपवाला घ्या. ऑगस्टमध्ये माल पोचला, चलनावर सही-शिक्का झाला, बिल अकाउंट्सकडे गेले. पैसे हातात येण्याआधीच त्याने त्या बिलावरचा जीएसटी भरला. पैसे मात्र ‘साहेबांची सही राहिलीय’ या उत्तरापाशी अडकले. दिवाळीत त्याच कारखान्याकडून काजू-बदामाचा डबा आणि सहकार्याबद्दल आभार मानणारे छापील कार्ड येते. कारागिरांचे पगार त्याने उसनवारी करून भागवलेले असताना त्या डब्याचे काय अप्रूप? सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तेवढ्याने भागले नाही, म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने अशी थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद केली. पुरवठादाराविषयीची कृतज्ञता सर्वात आधी दिसायला हवी ती वेळेवर पास झालेल्या बिलात.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कृतज्ञतेची भाषा नेहमी मालकाच्या सोयीची ठरते, असे कामगार चळवळीतली माणसे म्हणतात, आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे. पहिल्या महायुद्धातल्या नफ्यातून मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना बोनस देणे सुरू केले. पुढे मंदी आली, १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखाच्या घरात कामगार संपावर गेले. चौकशी समितीने निर्वाळा दिला की, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. मर्जीवर अवलंबून असलेली कृतज्ञता मंदीत आटते, हा त्याचा धडा. किमान बोनस हक्काचा झाला तो १९६५ च्या कायद्याने. पण म्हणून कृतज्ञताच नको, असे ठरत नाही. हक्क करारापुरता असतो आणि कोणताही धंदा निव्वळ करारावर चालत नाही. रात्रपाळीत मशीनचा आवाज बदललेला ओळखून ती वेळीच थांबवणाऱ्या ऑपरेटरचे ते भान कोणत्याही पगारपत्रकात लिहिलेले नसते. त्याचा पगार चोख देऊन मग त्याच्या त्या कामाचा नेमका उल्लेख चारचौघांत करणे, ही खरी पोचपावती.

दुसरा आक्षेप असा की, व्यवसायातले आभार म्हणजे विक्रीची युक्ती. अमेरिकेतल्या एका सराफी दुकानाने केलेला प्रयोग १९७६ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये प्रसिद्ध झाला. काही ग्राहकांना फोन करून फक्त आभार मानले, काहींना आभारासोबत सवलतीच्या विक्रीची माहितीही दिली. नुसते आभार मानलेल्या ग्राहकांची खरेदी दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी अधिक वाढली. हेतू चिकटला की आभाराचे मोल उतरते आणि ते ग्राहकाला लगेच कळते.

घरात अडचण वेगळी आहे. ‘घरच्यांचे कसले आभार मानायचे?’ असे आपण म्हणतो आणि त्यात आपलेपणाही असतो. पण पहाटेच्या लोकलसाठी रोज डबा भरून देणाऱ्या माणसाला आपलेपणामुळे दखल नको असते, हा समज चुकीचा आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, आभाराचे पत्र लिहिणारे समोरच्याला होणारा आनंद कमी धरतात आणि त्याला वाटणारा संकोच जास्त धरतात. आपण गप्प राहतो ते बहुधा याच चुकीच्या अंदाजामुळे. ‘थँक यू’ म्हणणे अवघड वाटत असेल तर ‘आजची भाकरी अगदी मऊ होती’ एवढे पुरते. आणि घरातही क्रम तोच : आभाराआधी कामातला आपला वाटा उचलायचा.

सुरुवात लहान असू द्या. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या २००३ च्या अभ्यासात आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटलेल्या पाचेक गोष्टी लिहिणारे लोक दहा आठवड्यांत त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. त्या वहीत आपण एक रकाना वाढवू : या माणसाचे मी काही देणे लागतो का? पैसे, रजा, परत न केलेली वस्तू, टाळलेला फोन, काहीही. तो रकाना कोरा झाला की मगच आभार माना, आणि मग मात्र हात आखडू नका.

(पुढील आठवड्यात : नकार देण्याची रीत)