सणाचा खाऊ आणि लेकरांचे दात

रोहणा हे वर्धा जिल्ह्यातलं, आर्वी तालुक्यातलं गाव. आपल्या या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवतात आणि घरोघर नेतात. मुलांना बोजारा मिळतो. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ देतं. मग दिवसभर गोळ्या, चॉकलेटं चघळणं चालतं.

मुलांचा हा आनंद मोडा, असं आम्ही म्हणत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. गोड किती खाल्लं, यापेक्षा ते किती वेळा खाल्लं, यावर दातांचं जास्त अवलंबून असतं.

असं का? आपल्या तोंडात बारीक जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा चिकट थर दातांवर बसतो. आपण साखर किंवा गूळ खाल्ला की तो जंतूंनाही मिळतो. ते त्याचं आम्ल करतात. आम्लाने दाताचं वरचं कठीण कवच झिजू लागतं. मग आपली लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते आणि कवचाची थोडीफार झीज भरते. याला अर्धा-एक तास लागतो.

जेवणात दोन करंज्या खाल्ल्या, तर पुढे लाळेला सवड मिळते. पण घडीघडी एकेक गोळी तोंडात टाकली, तर सवड मिळत नाही. बाटलीतलं गोड पेय घोट घोट पीत बसलं, तरी तेच होतं.

काही जण म्हणतात, “दुधाचे दात पडणारच आहेत. किडले तर काय झालं?” हे बरोबर नाही. किडका दात ठणकतो. लेकरू जेवत नाही, झोपत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून लोकांना ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते. ती गेली, तर पुन्हा येत नाही.

मग करायचं काय?

बोजाऱ्याचा खाऊ डब्यात ठेवा. तो जेवणाबरोबर द्या. गोड खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायला लावा. मधल्या वेळी तहान लागली, तर साधं पाणी द्या. रात्री निजण्यापूर्वी आणि सकाळी ब्रशने दात घासा. पेस्ट फ्लोराइडची घ्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू देऊ नका, थुंकायला लावा. राखेने किंवा कोळशाने दात झिजतात. तंबाखूची मिश्री तर कुणीच लावू नये. तिने तोंडाचा कॅन्सर होतो.

बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो. तसंच महिन्यातून एकदा लेकराचं तोंड उजेडात पाहा. दाढेवर पांढुरका किंवा काळा डाग दिसला, खड्डा दिसला, तर ठणका लागण्याची वाट पाहू नका. दातांच्या डॉक्टरकडे न्या. वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथे दातांचं कॉलेज आहे, तिथेही दाखवता येतं. कीड लहान असतानाच खड्डा भरला, तर दाढ वाचते.