गुडघ्यांची झीज आणि पूरक गोळ्या

वाराणसीतील दशाश्वमेध घाट मराठी माणसाला परका नाही. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध यज्ञ केले, या आख्यायिकेवरून घाटाला हे नाव मिळाले. १७४८ च्या सुमारास पेशवे बाळाजी बाजीराव यांनी हा घाट बांधविला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकर यांनी त्याची पुनर्बांधणी केली, असे सांगितले जाते. आयुष्यात एकदा तरी काशी घडावी, या इच्छेने महाराष्ट्रातून येणारे अनेक यात्रेकरू साठी ओलांडलेले असतात. गंगास्नान करायचे, तर घाटाच्या पायऱ्या उतराव्याच लागतात. अशा वेळी एखादी आजी वरच्याच पायरीवर बसून राहते आणि सुनेला म्हणते, "तू जाऊन ये. माझ्यासाठी तांब्याभर पाणी आण." मन गंगेपर्यंत पोहोचलेले असते, गुडघे मात्र पोहोचू देत नाहीत.

असे दुखणे घरात असले, की कोणीतरी 'सांध्यांसाठी चांगल्या' म्हणून गोळ्यांची बाटली आणते. गोळ्या महिनोन्महिने चालतात आणि तुटपुंज्या मिळकतीतला पैसाही जात राहतो. या गोळ्यांनी झिजलेला सांधा खरोखर भरून येतो का? या प्रश्नाचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

सांध्याची रचना

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांना भिडतात. त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचीक असे आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. कूर्चेत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. या जाळ्यात प्रोटिओग्लायकन नावाचे पाणी धरून ठेवणारे पदार्थ अडकलेले असतात. त्यामुळे कूर्चा ओल्या स्पंजासारखी दाब सोसते आणि दाब सरला, की पूर्ववत होते.

कूर्चेमध्ये रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणद्रवातूनच तिला पोषण मिळते. आपण चालतो तेव्हा कूर्चा दाबली जाते, सुटते आणि या हालचालीबरोबर पोषक द्रव्ये आत शिरतात. रक्तपुरवठा नसल्यामुळे तिची दुरुस्ती फार मंद गतीने होते. घाटाची झिजलेली पायरी गवंडी बदलू शकतो; कूर्चेची झीज तशी सहज भरून निघत नाही.

ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजेच झिजेचा संधिवात, या विकारात कूर्चा पातळ व खडबडीत होते, तिच्याखालचे हाड जाड होते आणि सांध्याच्या अस्तराला सूज येते. वाढते वय, जास्त वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे आहेत. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. पायऱ्या उतरताना तो सुमारे साडेतीनपट होतो. घाट उतरताना आजीला कळ का येते, हे यावरून लक्षात येईल.

पूरके म्हणजे काय?

रोजच्या आहाराला जोड म्हणून गोळी, चूर्ण किंवा द्रव यांच्या रूपात घेतल्या जाणाऱ्या पदार्थांना पूरके म्हणतात. सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन ही पूरके विशेष प्रसिद्ध आहेत. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, तर कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून मिळवतात. हे दोन्ही पदार्थ आपल्या कूर्चेच्या घडणीतही असतात. म्हणून ते पोटात घेतले, की कूर्चेची भर होईल, असा तर्क मांडला गेला. तर्क आकर्षक आहे. परंतु विटांची गाडी गावात आली, म्हणजे पडकी भिंत आपोआप उभी राहत नाही. गिळलेल्या पदार्थाचे पचन होते, तो सर्व शरीरात विखुरतो आणि सांध्यापर्यंत त्याचा अल्पच अंश पोहोचतो. म्हणून अशा तर्काची परीक्षा प्रयोगानेच करावी लागते.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांना निरनिराळ्या गटांत विभागून २४ आठवडे गोळ्या देण्यात आल्या. एका गटाला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी दिली होती. या गटातील सुमारे ६० टक्के रुग्णांनाही बरे वाटले! ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६७ टक्के होते. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. तीव्र वेदना असलेल्या लहानशा गटाला मात्र काही लाभ झाल्यासारखे दिसले.

वेदनेची गोष्ट निराळी आणि कूर्चेची निराळी. सांध्यातील हाडांमधले अंतर क्ष-किरणांनी मोजले, तर कूर्चेच्या झिजेचा अंदाज येतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१२ रुग्णांच्या तीन वर्षांच्या अभ्यासात ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांचे हे अंतर टिकून राहिल्याचे दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतील त्याच प्रयोगातल्या ५७२ रुग्णांची दोन वर्षांची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मात्र औषध नसलेल्या गोळीपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने गुडघ्याच्या या विकारासाठी दोन्ही पूरके न वापरण्याचा सल्ला दिला.

आपल्याकडील वनस्पतींचाही अभ्यास झाला आहे. नागपूरच्या संशोधकांनी २००३ मध्ये ३० रुग्णांवर शल्लकीच्या, म्हणजे सालईच्या डिंकाच्या, अर्काचा प्रयोग प्रसिद्ध केला. वेदना कमी झाल्या, चालण्याचे अंतर वाढले. परंतु क्ष-किरण चित्रात बदल दिसला नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुंठ, गुळवेल, आवळा व शल्लकी यांपासून केलेली औषधे वेदना कमी करण्यात आधुनिक वेदनाशामकाच्या बरोबरीची ठरली. मात्र काही रुग्णांच्या यकृताच्या चाचणीत वाढ दिसल्याने त्यांचे औषध थांबवावे लागले. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये ७० रुग्णांवर हळदीच्या अर्काचा प्रयोग झाला. १२ आठवड्यांत दुखणे काहीसे उतरले, पण सांध्यातील सूज आणि कूर्चा यांत फरक पडला नाही.

या सर्वांचे सार एवढेच, की काही पूरकांनी काही जणांचे दुखणे कमी होऊ शकते; पण झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते, याचा खात्रीशीर पुरावा मिळालेला नाही.

घेण्यापूर्वी विचार

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असे समजणे चुकीचे आहे. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांना ग्लुकोसामाइन किंवा हळदीचा अर्क यांमुळे रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. कोळंबी-खेकड्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी विशेष जपावे. आपण कोणती पूरके घेतो, हे डॉक्टरांपासून लपवू नये. भारतात २०१६ च्या नियमांनुसार, अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकांवर ती औषधी उपयोगासाठी नाहीत, असे छापावे लागते. बाटलीवरील मोठी अक्षरे वाचतो, तशी ही बारीक अक्षरेही वाचावीत.

मग करावे काय?

उपाय आहेत आणि त्यांतील बरेचसे बिनखर्चाचे आहेत. वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, काही क्षण तसाच धरावा व हळूहळू खाली आणावा. या व्यायामाने मांडीचे स्नायू बळकट होतात आणि सांध्याला आधार मिळतो. रोज झेपेल तेवढे चालावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी टाकावा. उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवावा. गुडघा एकाएकी सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आजीला गंगेपर्यंत न्यायचे असेल, तर यात्रेच्या तीन-चार महिने आधीपासून हा व्यायाम सुरू करावा. घाटावर घाई करू नये. एका हाती काठी, दुसऱ्या हाताला सुनेचा आधार आणि दर चार पायऱ्यांवर क्षणभर विसावा, एवढी तयारी असली, तर पाण्यापर्यंत पोहोचण्याची आशा पुष्कळ वाढते.

शब्दार्थ

कूर्चा – हाडांच्या टोकांवरील लवचीक आवरण
वंगणद्रव – सांध्याची हालचाल सुलभ करणारा द्रव
आनुवंशिकता – आई-वडिलांकडून मुलांकडे गुणदोष येणे
वेदनाशामक – दुखणे कमी करणारे

स्वाध्याय

१. कूर्चेची दुरुस्ती मंद गतीने का होते?
२. औषध नसलेली गोळी घेऊनही अनेकांना बरे वाटले. यावरून औषधाच्या परीक्षेविषयी आपण काय शिकतो?
३. 'वेदना कमी होणे' आणि 'कूर्चा भरून येणे' यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
४. आपल्या घरातील एखाद्या पूरकाच्या वेष्टनावरील मजकूर वाचा. त्यात कोणता दावा केला आहे आणि कोणती सूचना दिली आहे, ते लिहा.