पुरात ई-मेल पण वाहून जातो का? हो, जातो!

जुलै 2021 चा पूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. आमच्या ओळखीच्या एका छोट्या मशीद ट्रस्टच्या ऑफिसात टेबलाखालचा कॉम्प्युटर तीन दिवस पाण्यात होता. रजिस्टरं आधीच माडीवर नेली होती, म्हणून सगळ्यांनी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. कॉम्प्युटरचं कुणी मनावर घेतलं नाही. "मेल काय, ते इंटरनेटवर असतातच की," असं सेक्रेटरी साहेब म्हणाले आणि आम्हीही मान हलवली.

चार वर्षांनी प्रश्न आला. 6 जून 2025 ला केंद्राचं उमीद पोर्टल सुरू झालं, वक्फ मालमत्तांची माहिती भरायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. संभाजीनगरच्या वक्फ बोर्डाशी झालेला जुना पत्रव्यवहार शोधायला मोबाइलवर ट्रस्टचा मेल उघडला, तर सगळ्यात जुना मेल ऑगस्ट 2021 चा! त्याआधीचं काहीच नाही. हॅक झालं का, कुणी मुद्दाम पुसलं का, इथपर्यंत चर्चा गेली. खरं कारण साधं होतं, पण ते कळायला ई-मेल चालतो कसा ते बघावं लागतं.

आपण 'सेंड' दाबलं की मेल थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. तो आधी आपल्या मेल सेवेच्या सर्व्हरवर जातो. तो सर्व्हर पत्त्यातला @ नंतरचा भाग बघतो, या नावाची टपाल कोण घेतो ते शोधतो आणि त्या सर्व्हरशी बोलणी करतो: मी अमुक, पत्र तमुककडून, या माणसासाठी, घेणार का? पलीकडून 250 हा आकडा आला की पत्र स्वीकारलं. या बोलीचं नाव एसएमटीपी, तिचे नियम 1982 मध्ये ठरले. पलीकडचा सर्व्हर बंद असेल तर आपला सर्व्हर थांबून थांबून, साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करतो आणि मग 'पोहोचलं नाही' असा इंग्रजी मेल परत पाठवतो. आपल्याकडे नेमका हाच मेल न वाचता डिलीट होतो. आणि 250 म्हणजे साहेबांनी वाचलं असं नव्हे, पत्र त्यांच्या दारात पडलं इतकंच. ते स्पॅममध्येही पडलेलं असू शकतं.

आता दारातलं पत्र घरात आणायचं. त्याच्या दोन पद्धती.

जुनी पीओपी, 1984 पासूनची. भारतात 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने सामान्य माणसाला इंटरनेट दिलं, तेव्हा फोन लावून जोडणी करावी लागायची आणि तासाचे पैसे पडायचे. म्हणून जोडायचं, सगळे मेल कॉम्प्युटरवर ओढून घ्यायचे, फोन ठेवायचा आणि निवांत वाचायचं. ओढून घेतल्यावर सर्व्हरवरची प्रत पुसली जायची. त्या काळी हे शहाणपणाचंच होतं, कारण सर्व्हरवर जागाच थोडी.

दुसरी आयमॅप. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ती 1986 मध्ये तयार केली. इथे मेल सर्व्हरवरच राहतो. फोन आणि कॉम्प्युटर म्हणजे त्याच खोलीच्या दोन खिडक्या. फोन हरवला तरी मेल जात नाही. मात्र एका खिडकीतून पुसलं की दुसरीतूनही गेलं, हेही ध्यानात ठेवा. घरातल्या लहानग्याच्या हातात फोन देताना तर नक्कीच.

ट्रस्टचा पत्ता वेबसाइटबरोबर मिळालेला, जागा थोडीशी. कुणीतरी कधीकाळी कॉम्प्युटरवर पीओपी लावून 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढून टाकली होती. म्हणून आलेले सगळे मेल एकाच हार्ड डिस्कवर. आणि पाठवलेले? पीओपी फक्त आलेले मेल उचलतो. 'सेंट' फोल्डरशी त्याचा संबंधच नाही. पाठवलेल्याची प्रतही त्याच डिस्कवर, ती चिखलात.

जीमेल वापरणाऱ्यांनी निश्चिंत होऊ नये. तिथली फुकटची 15 जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. लग्नाच्या फोटोंनी ती भरली की शिष्यवृत्तीचा मेल आत येतच नाही. दोन वर्षं वापर नसेल तर गुगल खातं बंद करू शकतं. आम्ही शाळेत बघतो, फॉर्म भरताना मुलं सायबर कॅफेवाल्याचाच पत्ता देतात, मग त्रुटीचा मेल कुणी वाचायचा? पत्ता स्वतःचा पाहिजे. संस्थेचा असेल तर संस्थेच्या नावाचा, सेक्रेटरीच्या मुलाच्या नावाचा नको. पासवर्ड दोघांना माहीत पाहिजे. महत्त्वाच्या मेलची छापील प्रत रजिस्टरात लावा, आणि कॉम्प्युटरवर पीओपी असेल तर ती खूण आजच तपासा.

ट्रस्टचं काम शेवटी एसएमटीपीमुळेच थोडं सावरलं. एकच मेल तिघांना गेला की तिघांच्या पेटीत आपापली स्वतंत्र प्रत पडते, पाठवणाऱ्याची बुडाली तरी. जुन्या मेलमध्ये वकील साहेबांना सीसी ठेवायची सवय होती. त्यांच्या खात्यात ट्रस्टचं नाव टाकून शोधलं, 11 पत्रं निघाली. बाकीच्यांसाठी बोर्डाकडे अर्ज दिलाय.