घोटीतले भजन, घरचा संगणक

घरच्या संगणकावर गाणे मुद्रित करायला आता माइक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि एखादे सॉफ्टवेअर एवढे पुरते. ‘ऑडॅसिटी’ तर २००० सालापासून फुकट मिळते. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, त्यामुळे गायकाला चीज आखडून गावी लागे. संगणकाला ती मर्यादा नाही. गावोगावच्या भजनी मंडळांना याचा मोठा उपयोग आहे, कारण अभंग रंगत रंगत गजरापर्यंत जातो तसाच्या तसा, मध्ये न कापता, जपून ठेवता येतो.

इगतपुरी तालुक्यातल्या घोटीत खरी अडचण जागेची येते. गाव मुंबई–आग्रा महामार्गावर, जवळून मध्य रेल्वे, भाताच्या गिरण्या, आणि जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा पाऊस. पंख्याची घरघर किंवा विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण एकसारखी असते, म्हणून ती सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी काढता येते. पत्र्यावरच्या पावसाचे तसे नाही. त्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो; ‘स’, ‘श’ ही अक्षरे आणि टाळांची किणकिणही तिथेच असते. पाऊस पुसायला जावे तर गाणाऱ्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा स्लॅबची, रस्त्यापासून आतली खोली निवडावी आणि भिंतींपासून थोड्या अंतरावर जाड गोधड्या टांगाव्यात. गोधड्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो; बाहेरचा आवाज मात्र त्या अडवत नाहीत. म्हणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर हवा. अंतर निम्मे केले की गाण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि पाऊस होता तेवढाच राहतो.

माइकमधून आलेल्या आवाजाची उंची इंटरफेस सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेळा व्हावी लागते, म्हणून हे आकडे. मुद्रण २४ बिटमध्ये करावे. मग आवाजाची पातळी खाली ठेवली तरी बारकावे हरवत नाहीत. टाळाचा ठोका एकदम उसळतो, त्यामुळे सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे बघावे. वरच्या मर्यादेला लागून फाटलेला आवाज पुन्हा धड होत नाही.

भजनाला सर्वांत जास्त नडते ती या सॉफ्टवेअरची घडण. त्यात लय ठरलेली असते, एकेक वाद्य वेगवेगळे मुद्रित करायचे असते आणि मधला ‘ध’ (पांढरी एकला सा मानून) ४४० हर्ट्झचा धरलेला असतो. भजनात मात्र ठेका हळूहळू चढतो आणि पखवाजवादक गायकाकडे बघून वाजवतो. कानात मेट्रोनोमची टिकटिक देऊन गायला लावले तर सूर-ताल जागेवर राहतात, पण भजन बसत नाही. म्हणून निदान गायक, पेटी आणि पखवाज एकत्रच मुद्रित करावेत. टाळ आणि कोरस मागाहून चढवता येतात. मागाहून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येत असेल, तर इंटरफेसचा बफर कमी करावा. १२८ नमुन्यांच्या बफरला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. येण्याजाण्याचा सगळा उशीर त्याच्या दुपटीहून थोडा जास्त असतो.

पेटीचेही पाहावे लागते. जुन्या पेटीची काळी एक नेमकी जुळेलच असे नाही. संगणकातला तानपुरा किंवा स्वरमंडळ जोडायचे असेल, तर पेटीचा षड्ज ट्यूनरवर मोजून संगणकाचा सूर तेवढ्या सेंटने सरकवावा. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट होतात. पेटी बदलण्यापेक्षा हे सोपे.

२४ बिट, ४८,०००च्या एका ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे पाच मिनिटांच्या आठ ट्रॅकच्या अभंगाला सुमारे ३४५. मूळ प्रत वेव्ह स्वरूपातच ठेवावी, एमपी३ फक्त वाटण्यासाठी. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यूपीएस हवा आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. चाल मात्र एखाद्या संगीतकाराची असेल, तर तिचे हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात, आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.