अकरा तालुक्यांची एक वही

समजा, बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील मुलांनी मिळून पावसाच्या नोंदींचे एक संकेतस्थळ तयार करायचे ठरवले. आष्टीच्या मुलांनी तक्ता मांडला, परळीच्या मुलींनी रंग दिले, गेवराईकरांनी आलेख काढणारी आज्ञावली लिहिली. फायली इकडून तिकडे गेल्या. आठवड्यात एकीच्या पाच प्रती झाल्या! कोणीतरी नव्या प्रतीवर जुनी प्रत चढवली आणि आष्टीच्या महिनाभराच्या नोंदी पुसल्या गेल्या. दोष कोणाचा? माणसांचा नव्हे, पद्धतीचा.

हा प्रश्न जुनाच आहे. ज्ञानेश्वरीच्या हाताने नकला होत गेल्या, तसे तिच्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रत्येक बदल कोणी, केव्हा, का केला याची नोंद नकलांबरोबर असती, तर हे काम किती सोपे झाले असते!

नेमकी हीच नोंद ठेवणारे साधन म्हणजे ‘गिट’. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते रचले. गिटने सांभाळलेल्या फायलींच्या कोठाराला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात.

आपल्या संकेतस्थळाचा दर्शनी भाग, म्हणजे फ्रंट-एंड, मुख्यतः तीन प्रकारच्या फायलींचा बनतो. एचटीएमएल हा घराचा सांगाडा, सीएसएस ही रंगरंगोटी आणि जावास्क्रिप्ट म्हणजे बटण दाबताच दिवा लावणारी जोडणी. या तिन्ही फायली वेगळ्या ठेवा. मग रंग देणारा आणि आलेख काढणारा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. कोठारात एक ‘रीडमी’ फाइलही हवी. तिच्यात फायलींची नावे कशी द्यावी, कामाची वाटणी कशी, हे लिहावे.

आता काम कसे चालते पहा. प्रत्येक गट कोठाराची पूर्ण प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेतो. तिला ‘क्लोन’ म्हणतात. मग तो आपली वेगळी फांदी, ‘ब्रँच’, काढतो. बदल झाला की ‘कमिट’ करतो, म्हणजे नाव, वेळ आणि कारण लिहून नोंद पक्की करतो. प्रत्येक नोंदीचा ओळख-क्रमांक तिच्या मजकुरावरून व मागच्या नोंदीवरून गणिताने निघतो. म्हणून जुन्या नोंदीत गुपचूप खाडाखोड केली, तर पुढचे सारे क्रमांक बदलतात आणि चोरी उघडी पडते! शेवटी दुसऱ्या गटाने तपासल्यावर फांदी मुख्य प्रवाहात मिळवली जाते.

आता तुम्ही विचाराल, दोघांनी एकच ओळ बदलली तर? गिट स्वतः निवाडा करीत नाही. ते दोन्ही ओळी समोर ठेवून थांबते. निर्णय मुलांनी बोलून घ्यायचा. आणि आष्टीच्या नोंदी? कमिट केलेल्या असतील, तर जुन्या नोंदीतून त्या परत मिळतात.

गावात इंटरनेट नसेल तरी अडत नाही; सामाईक कोठार पेन ड्राइव्हवरही ठेवता येते. शाळेच्या संगणकावर दोन मित्रांनी हा प्रयोग करून पहावा. मुद्दाम एकच ओळ दोघांनी बदला आणि मग वाद मिटवा. सामाईक कामाचा खरा धडा तिथेच मिळेल.