जीडीवरचं नाव

नोव्हेंबर २०२४. दिवाळी नुकतीच आटोपलीय. रोस्टरवर मुंबई ते लंडन, एक रात्र लेओव्हर, मग परत. मी वसमतची, केबिन क्रूमध्ये आहे.

संध्याकाळी ७. बॅग भरणं हीच अर्धी ड्यूटी. हिंगोलीहून जनशताब्दीनं आलेल्या भावानं दोन गोष्टी आणल्यात, आईचा फराळाचा डबा आणि आत्याची पिशवी. पिशवीत दोन किलो हळद, हाउन्स्लोमध्ये राहणाऱ्या नातवासाठी. आत्या फोनवर म्हणते, "आपल्या हळदीला यंदा जीआय मानांकन मिळालं, तिकडं असली कुठं मिळायची? आन् तुला कोण अडवायलंय? युनिफॉर्म असतो की अंगावर!"

हळदीला ब्रिटनमध्ये मनाई नाही. अडचण पिशवीची आहे. कस्टम्सवाला पहिल्यांदा विचारतो की बॅग तुम्ही स्वतःच भरली का, आणि त्याला 'आत्यानं दिली' हे उत्तर चालत नाही. क्रूनं दुसऱ्याचं पुडकं न्यायचं नाही म्हणजे नाही. हळद कुरिअरनं जाईल. आत्या आठवडाभर फुगून बसेल, बसू दे.

डब्यात चिवडा, शंकरपाळी आणि अनारसे. अनारसे खसखशीशिवाय तळलेले, दिसायला बोडके. लंडनला खसखस चालली असती, पण रोस्टर ऐनवेळी बदलतो आणि लंडनऐवजी दुबई आली तर तीच खसखस तिथं अमली पदार्थांच्या कायद्यात जाते. सिंगापूरलाही बंदी आहे. हे कळल्यापासून माझ्या वाट्याचे अनारसे आई वेगळे काढते. औंढ्याहून आणलेले पेढेही आहेत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, मग ते नागनाथाचा प्रसाद का असेनात. पेढे विमानातच संपवायचे.

रात्री ११. रिपोर्टिंग. आधी श्वासाची चाचणी, मग ब्रीफिंग. पासपोर्ट, आयडी, लायसन्स सगळं तपासून होतं आणि सुपरवायझर जीडी वाचून दाखवतो. जीडी म्हणजे जनरल डिक्लरेशन. विमान कुठलं, कुठून कुठं चाललंय आणि त्यावर काम करणारे कोण, याचा एक कागद. १९४४च्या शिकागो करारानंतर देशोदेशींनी मिळून जे नियम केले, त्यात त्याचा नमुना ठरलेला आहे. माझं नाव, माझा पासपोर्ट नंबर. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी अख्खा क्रू खोळंबतो. आमच्याकडं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर त्याचा क्रम भलताच. माझ्या नावावर लिस्ट दोनदा थांबलेली आहे, तेव्हापासून मी स्वतः बोट ठेवून वाचते. ऐनवेळी कुणी आजारी पडून स्टँडबायवरची मुलगी आली तर जीडी नव्यानं छापायचा.

१२:१५. मुंबईत क्रूचं काउंटर वेगळं, पाच मिनिटांत मोकळे. पलीकडं प्रवाशांची रांग नागमोडी गेलेली. आमच्याबद्दलचा हेवा लोकांच्या डोळ्यांत इथंच दिसतो.

रात्री २ ते सकाळ. उड्डाण, जेवण, मग अंधार. पूर्वी या वेळेला आजी-आजोबांची लँडिंग कार्डं भरून द्यायला लागायची. २०१९ मध्ये ब्रिटननं ती बंद केली आणि एक काम गेलं. पेढे गॅलीत फिरले. कॅप्टननं दोन घेतले.

उतरायला तासभर राहिला की बारची गाडी बंद करायची. उरलेल्या बाटल्या मोजायच्या, आकडा फॉर्मवर, दाराला प्लास्टिकचं सील, सीलचा नंबर फॉर्मवर, खाली सही. ही दारू करमुक्त असते, म्हणून जमिनीवर गाडी उघडी सापडता कामा नये. सीलचं टोक ओढताना 'कट्' असा आवाज येतो. तो येईपर्यंत मी हात सोडत नाही. नंबरातले सहा आणि आठ झोपाळलेल्या डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून एकीनं वाचायचं, दुसरीनं लिहायचं. ट्रेमधलं उरलेलं सँडविच पर्समध्ये टाकायचा मोह नव्या मुलींना होतो. विमानाबाहेर ते न्यायचं नाही.

लंडनची सकाळ, ६:३०. वसमतला बारा वाजलेत. प्रवासी उतरले की आम्ही. इमिग्रेशनवर पासपोर्ट, आयडी आणि जीडीवरच्या नावाशी पडताळणी. माझ्याकडं ब्रिटनचा व्हिसा नाही. काम करत आलेला क्रू सात दिवसांच्या आत क्रू म्हणूनच परत जाणार असेल, तर १९७१च्या कायद्यानं त्याला वेगळी परवानगी लागत नाही. अमेरिकेचं तसं नाही. तिथं सी-वन-डी व्हिसा आधी काढावाच लागतो आणि मुक्कामाची हद्द २९ दिवस.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण सगळा आधार परतीच्या ड्यूटीवर आहे. पाय मोडून हॉस्पिटलात पडलं आणि सात दिवस उलटले, तर ऑफिसला धावपळ करून वेगळी कागदपत्रं उभी करावी लागतात. नातेवाईक विचारतात, सुट्टी जोडून महिनाभर का राहत नाहीस? राहता येत नाही. त्यासाठी रांगेत उभं राहून साधा व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो, आत्याच्या नातवाच्या सासूनं काढला तसाच.

कस्टम्स. हिरव्या वाटेनं चाललो होतो, तेवढ्यात दोघींना बाजूला घेतलं. त्यात मी. अधिकारी बाईंनी डबा उघडला, अनारसा उलटसुलट करून पाहिला, "मिल्क?" म्हणून विचारलं. तांदूळ, गूळ, तळलेलं, असं सांगितलं. तुपाचं विचारलं नाही, पण मी आपणहून सांगितलं की तेलात तळलेत. डबा परत मिळाला. आत्याची पिशवी असती तर याच टेबलावर काय उत्तर दिलं असतं, ते तिला फोनवर सांगून पटणार नाही.

दुपारी ३. झोप झाली. दुकानात. परतताना मुंबईचं कस्टम्स आहे, आणि तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या बॅगेज नियमांनी प्रवाशाला ५० हजारांची सूट दिली असली तरी फेरीवरून परतणाऱ्या क्रूला चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं अशा किरकोळ वस्तूंपुरती, तीही १,५०० रुपयांची होती. पंधरा पौंडांच्या आतच हात आखडायचा. तीन चॉकलेटांचे डबे, एक क्रीम, बिल जपून पर्समध्ये. तेवढ्यात मामेभावाचा मेसेज: "ताई, आयफोन तिकडं स्वस्त आहे म्हणतात." त्याला लिहिलं, नांदेडच्या दुकानात हप्त्यावर मिळतो, तिथंच घे.